विटांच्या राशीतील बालशाळा : मीरा महादेवन यांचे कार्य

महात्मा गांधींच्या जन्मशताब्दीचे वर्ष म्हणून १९६९ साल देशभर साजरे झाले. व्याख्याने झाली, ग्रंथ निघाले, टपालाची तिकिटेही निघाली. दिल्लीत राजघाटाजवळ गांधीजींचे जीवन आणि विचार लोकांपुढे मांडणारे विस्तीर्ण प्रदर्शन उभारण्याचे काम सुरू झाले. असे काम म्हटले की जे दृश्य दिसते तेच तेथेही होते. विटांच्या राशी, वाळूचे ढीग, चुन्याची डबकी, आणि त्यांमधून डोक्यावर घमेली घेऊन ये-जा करणाऱ्या बायका. त्यांची तान्ही मुले कामाच्या जागीच कोठे तरी धुळीत निजवलेली असत. अंगावर माश्या बसलेल्या असत. जराशी थोरली असलेली भावंडे त्यांच्याजवळ बसून राखण करीत. दरिद्रीनारायणाच्या सेवेचा पाठ सांगणाऱ्या महात्म्याचे स्मारक उभे करणाऱ्या हातांची मुले त्याच आवारात बेवारशासारखी पडलेली होती. पती टी. के. महादेवन हे गांधीविचाराचे अभ्यासक व लेखक असल्यामुळे मीरा महादेवन यांचे त्या वर्तुळात जाणे-येणे होते. त्यांनी हे दृश्य पाहिले आणि त्याच जागी एक तंबू ठोकून मुलांसाठी पाळणाघर सुरू केले. ‘मोबाइल क्रेशेस’ या नावाने पुढे देशभर परिचित झालेल्या संस्थेचा आरंभ तो हा.

पाहणारे इतरही अनेक होते. प्रदर्शनाच्या निमित्ताने त्या आवारात कार्यकर्ते, अधिकारी, लेखक रोज येत असत, आणि त्यांतील कोणी निर्दय होते असे मानण्याचे कारण नाही. बांधकामाच्या जागेवरचे मूल हे भारतीय शहरांत इतके नित्याचे दृश्य आहे की ते दिसूनही दिसत नाही. मीरा महादेवन यांना ते दिसले, याचे थोडेसे कारण त्यांच्या पूर्वायुष्यात व त्यांच्या लेखनात शोधता येते.

त्यांचे माहेरचे नाव मिरियम जेकब मेंद्रेकर. ‘कर’ या अखेरच्या अक्षरांवरून मराठी वाचकाच्या जे ध्यानात येईल ते खरेच आहे. त्या बेने इस्रायल समाजातील होत्या. कोकणच्या किनाऱ्यावर शतकानुशतके राहिलेला हा यहुदी समाज. अलिबागजवळच्या नवगाव येथे फुटलेल्या गलबतातून आपले पूर्वज किनाऱ्याला लागले, अशी त्यांची परंपरा सांगते. तेल गाळण्याचा त्यांचा व्यवसाय आणि शनिवारी घाणा बंद ठेवण्याचा त्यांचा नेम, यांवरून कोकणी गावकरी त्यांना शनवार तेली म्हणत. भाषा मराठी, आडनावे गावांवरून घेतलेली, बायकांचा पोशाख लुगड्याचा. अठराव्या शतकापासून या समाजातील कुटुंबे मुंबईस येऊ लागली. पलटणीत, सरकारी कचेऱ्यांत आणि पुढे रेल्वेत नोकरीस लागली. तेथून पुणे, अहमदाबाद, कराची, दिल्ली अशी पांगली. मुंबईत त्यांनी १७९६ साली आपले पहिले प्रार्थनामंदिर बांधले आणि १८७५ साली हायीम सामुएल केहीमकर यांच्या पुढाकाराने आपली शाळा काढली. परक्या गावी गेलेला समाज आधी देवघर आणि मग शाळा उभारतो, हा अनुभव परप्रांतांत स्थायिक झालेल्या मराठी मंडळींनाही नवा नाही.

१९४८ नंतर या समाजापुढे एक मोठा प्रश्न उभा राहिला. इस्रायल राष्ट्र स्थापन झाले होते. तिकडे जावे की येथेच राहावे, या विचाराने घराघरांत तट पडले. जे गेले त्यांच्याही वाट्याला काही काळ उपेक्षा आली, आणि आपण पूर्णपणे यहुदी आहोत हे मान्य करून घेण्यासाठी त्यांना १९६४ पर्यंत झगडावे लागले. या घालमेलीवर मीरा महादेवन यांनी हिंदीत कादंबरी लिहिली. तिचे नाव ‘अपना घर’. ती १९६१ मध्ये प्रसिद्ध झाली. १९७५ मध्ये ‘शुलामिथ’ या नावाने तिचे इंग्रजी भाषांतर निघाले. मायबोली मराठी असलेल्या समाजातील लेखिकेने आपल्या समाजाची कथा हिंदीत सांगावी, यातही स्थलांतराचाच एक धागा आहे. आपले घर म्हणजे कोणते, जेथे पूर्वजांची थडगी आहेत ते की जेथे पोटापाण्यासाठी बिऱ्हाड मांडले ते, हा प्रश्न ज्या लेखणीने हाताळला, त्या लेखणीच्या मालकिणीने आठ वर्षांनी राजघाटावरील झोपड्यांकडे पाहिले. कादंबरी आणि पाळणाघर यांचा संबंध याहून पुढे ताणू नये. पण हे केवळ परोपकारबुद्धीने केलेले काम होते असे म्हणणेही अपुरे ठरेल.

त्या काळची दिल्ली समजल्याखेरीज या कामाचे स्वरूप उलगडत नाही. फाळणीनंतर निर्वासितांनी शहर भरून गेले. मग राजधानी म्हणून सरकारी कार्यालये, वसाहती, दूतावास, वसतिगृहे, उड्डाणपूल यांची कामे निघाली ती थांबलीच नाहीत. हे सारे बांधणारे लोक राजस्थानातून, बुंदेलखंडातून, छत्तीसगडच्या बिलासपूरकडून येत. पाऊस फसला, शेत गहाण पडले की गावात मुकादम येई, त्याला उत्तरेत जमादार म्हणतात. तो थोडी उचल देई आणि नवरा-बायकोची जोडी शहरात आणी. पुरुष पाया खणी, गवंड्याच्या हाताखाली राबे; बाई विटा, माती, गिलावा वाही. जोडी म्हणून आणलेल्या बाईचे नाव हजेरीपटावर पुष्कळदा येतच नसे. उसाच्या फडात महाराष्ट्रात नवरा-बायकोला मिळून ‘एक कोयता’ मोजतात, तसाच हा हिशेब. बाई मोजली जात नव्हती, मग तिच्या कडेवरचे मूल कोण मोजणार?

ही माणसे खेडे सोडून येताना सासू, जाऊ, आजी यांना मागे ठेवून येत. गावाकडे गरिबी असली तरी मूल कोणाच्या तरी मांडीवर असते. शहरातल्या कामावर ती मांडी नव्हती. तान्हे मूल गप्प राहावे म्हणून त्याला अफूचा कण चाटवून निजवण्याची रीतही अशा ठिकाणी होती. तिच्यात क्रौर्यापेक्षा निरुपाय अधिक होता. आणि जेथे अफू नसे तेथे मोठी बहीण असे. सहा-सात वर्षांची पोर दिवसभर धाकट्याला कमरेवर घेऊन फिरे. ती शाळेत जाईल ही कल्पनाच संभवत नव्हती. शेजारी शाळा असती, फी माफ असती, पुस्तके फुकट मिळाली असती, तरीही संभवत नव्हती.

मीरा महादेवन यांच्या तंबूत आधी तान्ही मुले आली. त्यांना अंघोळ घालणे, दूध पाजणे, जखमा धुणे, डोळे साफ करणे, झोपवणे हेच पहिले काम होते. पण तान्ह्याला घेऊन जी थोरली भावंडे येत, ती पाळणाघराच्या दाराशी रेंगाळत राहत. कडेवरचे ओझे उतरल्याबरोबर ती मुले एकाएकी मुले झाली. त्यांना खेळ हवा होता, गाणे हवे होते, पाटी हवी होती. तेव्हा तान्ह्यांच्या पाळणाघराशेजारी तीन ते सहा वर्षांच्या मुलांची बालवाडी आणि त्यापुढच्या वयाच्या मुलांसाठी प्राथमिक वर्ग अशी तिहेरी रचना आकारास आली. शिक्षणाच्या दृष्टीने या संस्थेचे सर्वांत मोलाचे योगदान हेच मानावे लागेल. मुलींच्या शाळेची किल्ली धाकट्या भावंडाच्या पाळण्यात असते, हे सत्य शिक्षणतज्ज्ञांच्या अहवालांत येण्याच्या पुष्कळ आधी विटांच्या ढिगाऱ्यात व्यवहाराने सिद्ध झाले.

महाराष्ट्रातील वाचकाला येथे ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांची आठवण झाल्यावाचून राहणार नाही. १९४५ मध्ये बोर्डी येथे आणि नंतर कोसबाडच्या टेकडीवर त्यांनी आदिवासी मुलांसाठी जे प्रयोग केले, त्यांत पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा यांना एकत्र बांधणारी विकासवाडी होती, आणि गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणातच भरणारी कुरणशाळा होती. मूल शाळेपर्यंत येत नसेल तर शाळेने मुलापर्यंत जावे, हा विचार दोन्हीकडे एकच. फरक इतकाच की कोसबाडचे कुरण जागच्या जागी होते. दिल्लीत कुरणच दर दीड-दोन वर्षांनी उठून जात होते.

‘मोबाइल’ या शब्दाचा खरा अर्थ तेथे लागतो. ही काही चाकांवरची शाळा नव्हती. एका इमारतीचे काम चालू असेतोवर तिच्या आवारात केंद्र चालावे. इमारत पुरी झाली, रंग लागला, मजूर उठले की केंद्रही उठावे आणि नव्या पायाशेजारी पुन्हा मांडावे, अशी ती योजना. विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर, ही म्हण मराठीत थोड्या हेटाळणीने वापरतात. येथे ती एका संस्थेची कार्यपद्धती झाली. केंद्राला जागा मिळे ती अर्धवट बांधलेल्या इमारतीच्या तळघरात, पत्र्याच्या गोदामात, कधी दारे-खिडक्या न बसलेल्या तळमजल्यावर. आज ज्या खोलीत मुले झोपतात तेथे पुढच्या महिन्यात फरशी बसवायची असे. मग सारे सामान उचलून दुसऱ्या खोलीत जायचे. अशा स्थितीत सामान कमीच ठेवावे लागते. चटया, पाण्याचे पिंप, वजनकाटा, औषधांची पेटी, दोरीवर बांधलेल्या कापडाच्या झोळ्या. खेळणी टाकाऊ वस्तूंतून करायची. वाळू आणि खडी यांची मात्र कधीच वाण नव्हती.

केंद्राच्या वेळा कामाच्या वेळांना धरून ठरवाव्या लागल्या. दहा ते बाराची बालवाडी या मुलांच्या उपयोगाची नव्हती. आई सकाळी कामावर चढल्यापासून संध्याकाळी उतरेपर्यंत मूल सांभाळणे भाग होते. दूध पाजण्यासाठी आयांना मधल्या वेळेत येऊ द्यावे, एवढ्या साध्या गोष्टीसाठी ठेकेदाराशी बोलणी करावी लागत. त्यात पुन्हा आयांचा विश्वास मिळवायचा होता. अनोळखी शहरात, अनोळखी स्त्रियांच्या हाती पोटचे मूल देणे कोणत्या आईला सोपे वाटेल? लस टोचली की ताप येतो, मग आई दोन दिवस मुलाला पाठवीत नाही, त्या दोन दिवसांत मूल पुन्हा आजारी पडते. हे चक्र समजुतीने, झोपडीत जाऊन बसून, बोलून मोडावे लागे. डॉक्टरांच्या नियमित फेऱ्या, पूरक आहार, वजनाच्या नोंदी, आयांच्या बैठका या सर्व गोष्टी एकामागून एक जोडल्या गेल्या त्या आधी आखलेल्या आराखड्यातून नव्हे. गरज पुढे आली तसतशा. वस्तीतल्या लोकांशी आरोग्याविषयी, हक्कांविषयी बोलण्यासाठी नाट्यप्रयोगांचाही आधार पुढे घेतला गेला.

हे सारे चालवणाऱ्या स्त्रिया हा वेगळ्या अभ्यासाचा विषय आहे. सुरुवातीस मीरा महादेवन यांच्याभोवती जमल्या त्या दिल्लीतील सुशिक्षित, मध्यमवर्गीय घरांतल्या. देविका सिंग या त्यांच्या आरंभीच्या सहकाऱ्यांपैकी एक आणि पुढे दीर्घकाळ या कार्याच्या आधारस्तंभ. परंतु दिवसभर केंद्रात राबणाऱ्या कार्यकर्त्या केवळ हौसेवर मिळणार नव्हत्या. शाळा अर्धवट सुटलेल्या, साध्या घरांतल्या मुली आणि बायका वेतनावर घेऊन त्यांना कामातूनच शिकवण्याचा मार्ग संस्थेने धरला. बालशिक्षिकेचे प्रशिक्षण महाविद्यालयाच्या इमारतीत न होता सिमेंटच्या धुळीत होऊ लागले. तान्ह्या मुलाला भरवताना त्याच्याशी बोलावे, दोन वर्षांच्या मुलाला स्वतःच्या हाताने खाऊ द्यावे, चार वर्षांच्या मुलाच्या हाती कोळसा देऊन भिंतीवर रेघा ओढू द्याव्यात, असली वरवर क्षुल्लक वाटणारी कौशल्ये तेथे धडा म्हणून शिकवली जात. मूल सांभाळणे हे काम शिकावे लागते, आणि शिकलेल्या कामाचे दाम द्यावे लागतात, ही भूमिका त्या काळी फार थोड्यांना मान्य होती. आजही ती सर्वमान्य झाली आहे असे म्हणवत नाही.

भाषेचा प्रश्न होताच. एका चटईवर मारवाडी, बुंदेली, छत्तीसगडी बोलणारी मुले बसत. केंद्राची भाषा हिंदी. पण घरची बोली आणि पाटीवरची भाषा यांतले अंतर त्या नावाने मिटत नाही. गाणी, हावभाव, गावाकडच्या गोष्टी यांतून ते कमी करीत न्यावे लागे. परप्रांतातील मराठी शाळांच्या शिक्षकांना या अडचणीची एक बाजू परिचित असते. परंतु तेथे एक भेदही स्पष्ट दिसतो. रेल्वेत, बँकेत, टपालखात्यात वा सरकारी कचेरीत नोकरीसाठी परमुलखात आलेल्या मराठी कुटुंबाजवळ बदलीचा हुकूम असे, राहण्यास क्वार्टर असे, मुलाच्या नावाचा शाळा सोडल्याचा दाखला असे. त्या कागदांच्या बळावर त्यांनी आपल्या भाषेची शाळासुद्धा उभी केली. बांधकामावरच्या कुटुंबाजवळ यांतला एकही कागद नव्हता. नगरपालिकेच्या शाळेत मूल नेले की जन्मतारीख विचारली जाई, पत्ता विचारला जाई. आणि पत्ता म्हणजे अद्याप पुरी न झालेली एक इमारत. केंद्रातील प्राथमिक वर्गांचे एक मुख्य काम म्हणूनच असे ठरले, की मुलाला वयानुरूप इयत्तेच्या जवळपास आणावे आणि कार्यकर्तीने स्वतः बोट धरून त्याला जवळच्या शाळेत नेऊन बसवावे.

काही महिन्यांत केंद्र उठणार, मूल दुसऱ्या कामावर किंवा गावी जाणार. मग एवढ्या खटाटोपाचा उपयोग किती, अशी शंका त्या वेळीही घेतली जात असे, आणि ती अगदीच निराधार नाही. आज शिकलेली अक्षरे सहा महिन्यांनी पुसली जाण्याची शक्यता खरीच होती. तान्ह्या मुलांच्या बाबतीत मात्र ती शंका टिकत नाही. पहिल्या दोन-तीन वर्षांत पोटात गेलेले अन्न आणि वेळेवर टोचलेली लस गाव बदलले म्हणून वाया जात नाही. मीरा महादेवन यांच्या कामाचा पाया तान्ह्यांच्या पाळण्यात होता, ही गोष्ट या दृष्टीने ध्यानात घेण्यासारखी आहे.

दुसरी शंका अधिक अवघड होती. हे काम कोणाचे? कारखाने कायदा १९४८ चा, मळे कामगारांचा कायदा १९५१ चा. दोहोंत पाळणाघराची तरतूद होती. पण कारखान्याला भिंती असतात, मळ्याला कुंपण असते. इमारतीचे काम तात्पुरते, मजूर ठेकेदाराचे, ठेकेदार बड्या कंपनीचा, कंपनीला काम देणारे बहुधा सरकार. जबाबदारी एकाकडून दुसऱ्याकडे ढकलायला जागाच जागा. कंत्राटी कामगारांविषयीचा कायदा १९७० मध्ये झाला आणि त्याच्या १९७१ च्या केंद्रीय नियमांत, वीस किंवा अधिक स्त्रिया कामावर असतील तेथे सहा वर्षांखालील मुलांसाठी दोन खोल्या असाव्यात, एक खेळण्याची व एक झोपण्याची, असे लिहिले गेले. नियम चांगला होता. पण ज्या हजेरीपटावर बायकोचे नाव नवऱ्याच्या नावात विरून जाते, त्यावर वीस स्त्रिया भरायच्या कशा? संस्थेने ठेकेदाराकडे जागा, पाणी, वीज आणि खर्चाचा काही वाटा मागण्याचा मार्ग स्वीकारला. काहींनी तो दिला, काहींनी हात झटकले. आपण धर्मादाय करीत नसून ठेकेदाराचे कर्तव्य त्याच्या वतीने पार पाडीत आहोत, म्हणून त्याचा वाटा तो आपला हक्क, ही मागणी करताना स्वर नम्र असला तरी आशय नम्र नव्हता. संस्थेने काम अंगावर घेतल्यामुळे ठेकेदार आणि सरकार दोघेही निश्चिंत झाले, हा आक्षेप तरीही उरतोच. त्याला उत्तर एवढेच देता येईल की कायदा अमलात येईपर्यंत तान्हे मूल तान्हे राहत नाही.

१९७२ मध्ये मुंबईत काम सुरू झाले. महाराष्ट्राच्या आठवणीत ते साल दुष्काळाचे आहे. मराठवाड्यातून, सोलापूरकडून माणसांचे लोंढे त्या काळात मुंबईकडे गेले. त्यांच्याबरोबर कर्नाटकाच्या उत्तर भागातून आणि आंध्रातील महबूबनगर जिल्ह्यातून आलेली कुटुंबे होती. त्या जिल्ह्यातील ‘पालमुरू’ मजूर धरणे आणि इमारती यांच्या कामासाठी देशभर प्रसिद्ध होते. मुंबईच्या केंद्रांत मराठी, कानडी, तेलुगू एका झोळीखाली नांदू लागल्या. बेने इस्रायल घरातल्या लेकीने यमुनेकाठी लावलेले रोपटे अशा रीतीने तिच्या मायबोलीच्या मुलखात आले. पुढे पुण्यातही केंद्रे निघाली. या दोन्ही शहरांतील शाखा आता स्वतंत्र संस्था म्हणून काम करतात.

१९७७ मध्ये मीरा महादेवन यांचे निधन झाले. संस्था सुरू होऊन जेमतेम आठ वर्षे झाली होती. एका व्यक्तीच्या तळमळीवर उभी राहिलेली अनेक कामे त्या व्यक्तीबरोबर संपतात. हे संपले नाही. याचे श्रेय त्यांच्या सहकाऱ्यांना आहे तसेच, कामाची वीण पहिल्यापासून अनेक हातांनी घातली गेली होती, यालाही आहे. त्यांच्या हयातीतच २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि अंगणवाडी हा ताराबाई मोडकांच्या परंपरेतला शब्द साऱ्या देशाच्या तोंडी आला. मात्र अंगणवाडी गावात आणि वस्तीत, ठरावीक जागी भरते व काही तास चालते; दिवसभर घमेले वाहणाऱ्या आईची गरज तिने भागत नाही.

त्यांच्या पश्चात पाचच वर्षांनी दिल्लीत आशियाई क्रीडास्पर्धा भरल्या. क्रीडांगणे, उड्डाणपूल, खेळाडूंची वसाहत उभारण्यासाठी मजुरांच्या टोळ्या आल्या, आणि त्यांच्या हलाखीचे प्रकरण १९८२ मध्ये सर्वोच्च न्यायालयात पोहोचले. किमान रोजी ९ रुपये २५ पैसे असताना त्यातला रुपया जमादार कापून घेतो, स्त्रियांच्या हाती सातच रुपये पडतात, असे त्या प्रकरणात पुढे आले. किमान वेतनाहून कमी पैशांत काम करवून घेणे ही वेठबिगारी होय, आणि बांधकामावर चौदा वर्षांखालील मुलांना राबवता येणार नाही, असे न्यायालयाने स्पष्ट केले. इमारत व इतर बांधकाम कामगारांसाठी स्वतंत्र कायदा व्हायला त्यानंतर आणखी चौदा वर्षे लागली. १९९६ च्या त्या कायद्याच्या ३५ व्या कलमात पाळणाघर आले. पण त्यासाठी जागेवर पन्नासांहून अधिक स्त्रिया असाव्या लागत. १९७१ च्या नियमांतील वीस आणि १९९६ च्या कायद्यातील पन्नास या दोन आकड्यांमध्ये किती मुले राहिली, याची मोजदाद झालेली नाही. बांधकामखर्चावर एक टक्का उपकर घेऊन कामगारांच्या कल्याणासाठी निधी उभारण्याची तरतूदही त्याच वेळी झाली. निधी जमला, आणि तो खर्च होत नाही म्हणून पुन्हा सर्वोच्च न्यायालयाला लक्ष घालावे लागले.

शिक्षणाच्या बाजूने २००९ चा शिक्षणहक्क कायदा हा मोठा टप्पा ठरला. वयाचा पुरावा नाही किंवा दाखला नाही म्हणून प्रवेश नाकारता येणार नाही, आणि मुलाला वयानुरूप इयत्तेत घ्यावे, असे आता कायदाच सांगतो. ज्या गोष्टीसाठी मीरा महादेवन यांच्या कार्यकर्त्या मुख्याध्यापकांच्या दारात उभ्या राहत, ती गोष्ट कलमात आली. महाराष्ट्रात ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी साखरशाळा निघाल्या. नंतर मुलांना फडावर न नेता गावीच ठेवता यावे म्हणून हंगामी वसतिगृहांची योजना आली. या दोन मार्गांत अधिक बरा कोणता, यावर शिक्षकांमध्ये अजून एकमत नाही. तान्हे मूल मात्र वसतिगृहात ठेवता येत नाही. ते आईबरोबरच जाते.

२०११ च्या जनगणनेने देशातील स्थलांतरितांची संख्या सुमारे ४५ कोटी मोजली. त्यांत लग्न होऊन सासरी गेलेल्या स्त्रियाच पुष्कळ. आणि दिवाळीनंतर निघून पावसाच्या आधी परतणारी कुटुंबे अशा गणतीत नीट सापडत नाहीत. दिल्लीच्या सीमेवर आता नवी उपनगरे उठली आहेत. पंचवीस-तीस मजल्यांच्या इमारतींच्या पायथ्याशी पत्र्याच्या खोल्यांची रांग असते. त्यांतल्या काही रांगांच्या टोकाला एक खोली दिसते. दारावर मुलांनी रंगवलेले कागद चिकटवलेले असतात, आत कापडाच्या झोळ्या टांगलेल्या असतात, आणि मधल्या सुट्टीची वेळ झाली की सिमेंटने माखलेले हात पिंपाच्या पाण्याने धुऊन बायका आपापल्या मुलाला दूध पाजायला आत येतात.